सहा नंबरचं मनगट

१

आईच्या वॉर्डात आठ खाटा आहेत आणि आठही खाटांवर ताल चुकलेली हृदयं. कुणाचं उगीच धावतं, कुणाचं रेंगाळतं, कुणाचं चालता चालता मधेच थबकतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघतं. आई इथे एकवीस वर्षं नर्स आहे.

मी नववीत आहे. शाळा रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत आणि घर मात्र दोन बस बदलून. त्यामुळे साडेचारला शाळा सुटली की मी तिसऱ्या मजल्यावर येते आणि आईची ड्यूटी संपेपर्यंत, म्हणजे सातपर्यंत, मॉनिटरच्या खोलीत बसते. खोली कसली, वॉर्डाच्या कोपऱ्यातली काचेची पेटीच ती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोर मोठा पडदा. पडद्यावर आठ हिरव्या रेघा, खाटेप्रमाणे एकेक. तिथे बसायच्या दोन अटी आहेत. कशालाही हात लावायचा नाही आणि कामाच्या मधे बोलायचं नाही. दुसरी अट मला पाळावी लागत नाही, ती आपोआप पाळली जाते.

"काय मुक्या मैने, आज शाळेत किती शब्द बोललीस?" ब्रदर रोज विचारतात. ते आईच्या हाताखाली काम करणारे नर्स. पुरुष नर्सला इथे सगळे ब्रदरच म्हणतात.

मी दोन बोटं दाखवते.

"अरे बापरे, दोन? घसा बसला असेल मग!"

मी बोलत नाही, पण बघते. आणि सगळ्यात जास्त बघते ती पाचची मोजणी.

पाच वाजता काही जणांना हृदयाचा वेग आवरणारी गोळी देतात. ती देण्याआधी नाडी बघायची, आणि ज्यांचा ताल अगदीच बिघडलाय त्यांची दोघांनी मिळून बघायची. एकाने छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं, दुसऱ्याने मनगटावर तीन बोटं ठेवायची. घड्याळ एकच. 'सुरू' म्हटलं की दोघांनी मनातल्या मनात मोजायला लागायचं, पुरतं एक मिनिट. 'थांब' म्हटलं की आपापला आकडा आधी कागदावर लिहायचा आणि मगच तोंडाने सांगायचा. कारण दुसऱ्याचा आकडा ऐकला की आपला हळूच त्याच्याकडे सरकतो, असं आई म्हणते.

पडद्यावर सगळं दिसतंच, मग हा खटाटोप कशाला, असं मी एकदा तिला विचारलं होतं.

"पडदा वीज बघतो," ती म्हणाली. "बोटं रक्त बघतात. छातीत ठोका पडला म्हणजे तो हातापर्यंत पोचलाच असं नाही. अशक्त ठोके वाटेतच विरतात."

म्हणून मनगटाचा आकडा छातीपेक्षा कमी असतो. फार तर सारखा. जास्त कधीच नसतो, असूच शकत नाही. छातीतून चौऱ्याऐंशी निघाले तर हातात एकोणनव्वद कुठून पोचणार?

सोमवारी पोचले.

२

सहा नंबरला पोहणं शिकवणारे एक मास्तर होते. सत्तरीचे, पण खांदे अजून दाराएवढे. खाट त्यांना पुरत नसे. "चाळीस वर्षं पोरं पाण्यात ढकलली, एकाला बुडू दिलं नाही," असं ते दिवसातून तीनदा सांगत आणि आई तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "अरे वा" म्हणे.

सोमवारी ब्रदर छातीवर होते आणि आई मनगटावर. आईला एक सवय आहे, तिची तिलाही माहीत नाही. मोजताना प्रत्येक ठोक्याला तिची हनुवटी केसभर खाली येते, कुणाला तरी 'हं, हं' म्हटल्यासारखी. काचेतून ते मला स्पष्ट दिसतं.

"चौऱ्याऐंशी," ब्रदर म्हणाले.

आईने आपला कागद दाखवलाच नाही. "परत घेऊ."

परत घेतली. ब्रदर चौऱ्याऐंशी. आई एकोणनव्वद.

"ताई, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

"बोटांना चष्मा नसतो रे. ये इकडे."

त्यांनी जागा बदलल्या. आई छातीवर, त्र्याऐंशी. ब्रदर मनगटावर, सत्त्याहत्तर. सगळं जिथल्या तिथे. मग आईने पुन्हा मनगट घेतलं. एकोणनव्वद.

"काय हो सिस्टर, पास की नापास?" मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

"पास. वरून पाच मार्क जास्तच पडलेत."

ते हसले. आई हसली नाही. ती मोजणीचा तक्ता घेऊन काचेच्या खोलीत आली आणि उभ्या उभ्या लिहू लागली. ब्रदर मागोमाग आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे नका लिहू. मेट्रन बघतील. माझा आकडा लिहा ना, सत्त्याहत्तर."

"तुझा तू लिही. मी मोजलंय ते मी लिहिणार."

छाती ८४, मनगट ८९. खाली तिची सही. आईचं अक्षर सुरेख आहे. त्या तक्त्यावर चुकीचा आकडासुद्धा इतका नीट बसला होता की तो चुकीचा वाटत नव्हता.

३

त्या संध्याकाळी घरी आईने कुकर लावला आणि माझा हात मागितला. तीन वेळा मोजलं. मीही माझ्या दुसऱ्या हाताने गळ्यावर मोजत होते. तिन्ही वेळा दोघींचे आकडे जुळले.

"मग बरोबर आहे की तुझं," मी म्हणाले.

"तुझं हृदय सरळ आहे गं. सरळ रस्त्यावर कुणीही चालेल." मग तिने आपलं मनगट पुढे केलं. "माझी बघ."

मी तिची नाडी पाहिली. बहात्तर. हे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. का ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

आईला स्वतःवर शंका घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. नवीन डॉक्टर तिला विचारल्याशिवाय औषध बदलत नाहीत. एकदा पडदा सगळं ठीक दाखवत असताना ती केवळ बोटांच्या भरवशावर धावत सुटली होती, आणि तो माणूस पुढे नुसते पेढे घेऊन नाही, तर नातवाचा हात धरून तिला भेटायला आला होता. वर्गात मला कुणी 'तुझी आई काय करते' असं विचारलं तर मी एका शब्दात उत्तर देते, पण तो शब्द मी मान वर करून म्हणते.

म्हणून मंगळवारी मी गणिताची चौकटींची वही घेऊन बसले. एक चौकट म्हणजे एक सेकंद. वरच्या ओळीत पडद्यावरच्या सहाव्या रेघेचा प्रत्येक उसळा, खालच्या ओळीत आईच्या हनुवटीचा प्रत्येक होकार. साठ सेकंद माझी पेन्सिल वर आणि खाली नाचत होती.

वर काही उसळे असे होते ज्यांच्या खाली होकार नव्हता. ते ठीक, वाटेत विरलेले ठोके. पण खाली चौदा होकार असे होते ज्यांच्यावर काहीच नव्हतं. आणि ते कुठेही पडलेले नव्हते. मी पट्टी लावली. दोन होकारांत चार चौकटी आणि थोडंसं वर. पुन्हा चार चौकटी आणि थोडंसं. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत तसंच.

मास्तरांची रेघ म्हणजे दारुड्याची चाल. तिच्या आतून कुणीतरी संथ, सरळ पावलं टाकत चाललं होतं. त्या वॉर्डातला सगळ्यात नियमित ताल तो होता, आणि आठ रेघांपैकी तो कुणाचाच नव्हता.

मी घाबरले नाही. मी कारणं शोधली. लिफ्टचं यंत्र भिंतीमागेच आहे, पण मंगळवारी लिफ्ट बंद होती. शेजारच्या खाटेवर सलाईनचा पंप ठकठक करतो, पण त्याचा वेग वेगळा, तोही मी मोजला. पंखा, नळ, जिन्यावरची ट्रॉली. आणि यातलं काहीही असतं तरी ते ब्रदरच्या बोटांनाही लागलं असतं की. मी एकेक कारण खोडत गेले. पान भरलं आणि कारणं संपली.

४

बुधवारी आई औषधांच्या कपाटाशी होती आणि ब्रदर दुपारपासून तळमजल्यावर कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. मी काचेच्या खोलीत शिरत होते तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली.

"ए पोरी, सिस्टरची लेक ना तू? जरा इकडे ये."

मी गेले. त्यांचा उजवा हात चादरीवर उताणा पडला होता, तळवा वर, बोटं सैल. नर्सने धरल्यावर ठेवतात तसा. भेटायला येणाऱ्यांचं स्टूल खाटेला अगदी चिकटून होतं. भेटीची वेळ सहाला सुरू होते.

"त्या ब्रदरला सांगशील का," मास्तर म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण किती वेळ हात धरून बसायचं त्याने? मला अवघडायला होतं. झोप लागत नाही."

मी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"जेवण झाल्यापासून धरून होता बघ. मी आपले डोळे मिटून पडलो. म्हटलं, करू दे बिचाऱ्याला काम. तुझ्या आईची बोटं कशी, पाण्यावर पान पडावं तशी. हा नुसता टेकवायचा आधी. आज दाबतो."

"आत्ता पण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. "आत्ता तू आलीस ना," ते म्हणाले. "उठला असेल."

मी स्टूल भिंतीला नेऊन ठेवलं. त्याची बसायची जागा गार होती. हे मी मुद्दाम पाहिलं आणि मला बरं वाटलं. कुणी नुकतं उठलं असतं तर ती कोमट असती, असं मी स्वतःला सांगितलं. काचेच्या खोलीत परत येऊन बसल्यावर लक्षात आलं की यात बरं वाटण्यासारखं काही नव्हतं.

पाचच्या मोजणीत छातीवर डॉक्टर होते. मी वही काढली. जादा होकार सतरा. अंतर साडेतीन चौकटी.

५

गुरुवारी मेट्रन आल्या. सगळ्या नर्सच्या वरच्या त्या. बुटक्या आहेत, पण त्या आल्या की सगळा वॉर्ड ताठ होतो, रोगीसुद्धा. त्यांनी तक्ता घेतला आणि आईला काचेच्या खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, हा माझा मोठाच गुण आहे.

"सिस्टर, हे काय आहे?"

"मोजणी आहे मॅडम."

"तीन दिवस मनगट छातीपेक्षा जास्त! पहिल्या वर्षाच्या मुलीसुद्धा असं लिहीत नाहीत. बोटं फार दाबता तुम्ही, तुमचीच नाडी तुम्हाला लागते. अंगठा लावलात का?"

अंगठ्याने नाडी बघू नये हे नर्सला पहिल्या दिवशी शिकवतात. अंगठ्याचे स्वतःचे ठोके जोरदार असतात, माणूस आपलेच ठोके दुसऱ्याच्या नावावर मोजतो. एकवीस वर्षांच्या नर्सला हे विचारणं म्हणजे जुन्या शिंप्याला सुईत दोरा ओवता येतो का विचारण्यासारखं आहे. आईचे कान लाल झाले.

"नाही लावला."

"मग खोडा आणि ब्रदरचा आकडा लिहा. या आकड्यावर गोळी द्यायची की थांबवायची ते ठरतं. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच खोडणार नाही मॅडम."

मेट्रननी उसासा टाकला. त्या दुष्ट नाहीत. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटत होतं. "हे बघा, वय सगळ्यांचं होतं. बोटं थकतात. सोमवारपासून तुम्ही खाली फायलींच्या खोलीत या. पगार तोच, दगदग नाही. मी ऑर्डर काढते."

आईने आपले हात एप्रनच्या खिशात घातले. मी तिला पंधरा वर्षं ओळखते, तिने हात असे लपवलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी उभी राहिले. खुर्ची करकरली, दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"अंगठ्याची असती तर बहात्तर असती," मी म्हणाले.

"काय?"

"आईची नाडी बहात्तर आहे. तिची तिलाच लागत असती तर जादा ठोके बहात्तर निघाले असते. ते मंगळवारी चौदा होते. काल सतरा." मी वही पुढे केली. ते पान उघडून टेबलावर ठेवलं. "बघा ना. सारख्या अंतरावर आहेत. चुकून मोजलेलं सारख्या अंतरावर पडत नाही."

मेट्रननी चष्मा लावला. पान उलटलं, परत मागे आणलं. पट्टी मागितली. मी दिली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. काचेतून दिसतं."

दाराशी ब्रदर उभे होते. "मॅडम," ते म्हणाले, "ही पोरगी आठवड्यात एवढं बोलत नाही. खरं असल्याशिवाय तोंड उघडायची नाही."

मेट्रननी वही मिटली. "उद्या पाच वाजता मी स्वतः छातीवर बसते," त्या म्हणाल्या. "बघू या."

त्या गेल्यावर आईने खिशातून हात काढले आणि माझ्या डोक्यावर ठेवला, फक्त एकदा. मग हळूच विचारलं, "सतरा? मोजताना मला वेगळे कळत नाहीत गं. सगळे मिळून येतात."

६

शुक्रवारी मेट्रन खाटेच्या डावीकडे, आई उजवीकडे. ब्रदरना त्यांनी मोठ्या पडद्यासमोर बसवलं. घड्याळ आज तिसऱ्यानेच धरायचं, असं त्यांनी सांगितलं, पण धरायला कुणी उरलं नाही.

"ही धरेल," आई म्हणाली.

"शाळेतली मुलगी?"

"साठपर्यंत येतं तिला."

मास्तर खुदकन हसले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता आणि उजव्या हातावर सूज चढली होती. "चला," ते म्हणाले, "तीन बायका माझ्याभोवती. आयुष्यात पहिल्यांदा."

मी खाटेच्या पायाशी उभी राहिले. वॉर्डात इतकी शांतता होती की सलाईनचे थेंब ऐकू येतील असं वाटलं. मास्तरांच्या डोक्याशी त्यांच्या एकट्याच्या रेघेचा छोटा पडदा होता.

"सुरू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

मेट्रननी डोळे मिटले. आईची हनुवटी चालू झाली. आता मला वही लागत नव्हती, मला ते वेगळं दिसत होतं. वरचे होकार अडखळत, एकमेकांवर आदळत येणारे. आणि त्यांच्या खाली दर तीन सेकंदांनी एक, पूर्णविरामासारखा. चौदा, सतरा, आणि आज म्हणजे वीस. दर वेळी थोडा लवकर येत होता तो.

अडतिसाव्या सेकंदाला मेट्रनच्या कपाळाला आठी पडली. छोट्या पडद्यावरची रेघ आडवी झाली होती.

ती आडवीच राहिली. गजर वाजायला लागला. मास्तरांची मान कलंडली. मेट्रननी कानातून नळ्या ओरबाडल्या, हातावर हात ठेवले आणि छाती दाबायला वाकल्या.

"थांबा," आई म्हणाली. "नाडी आहे."

"सिस्टर, आत काही नाहीये!"

"हातात आहे."

नाडी लागत असेल तर छाती दाबायची नाही, हा नियम मलाही माहीत आहे. आणि ज्याची बोटं मनगटावर, त्याचा शब्द धरायचा. मेट्रनचे हात छातीच्या वर अधांतरी राहिले. आईचं चुकत असेल तर मास्तर तिच्या शब्दावर मरणार होते, आमच्या सगळ्यांच्या देखत. मेट्रन तिच्याकडे बघत होत्या. ब्रदर धावत येत होते. मी घड्याळ बघत होते, कारण मला तेवढंच सांगितलं होतं.

एक्केचाळीस. आईची हनुवटी झुकली.

रेघ आडवी.

चव्वेचाळीस. झुकली.

सत्तेचाळीस. झुकली. अडखळणारे सगळे ठोके गेले होते आणि नुसता तोच उरला होता, ओहोटीला खडक उघडा पडावा तसा. मला कळलं, आणि आईच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही कळलं होतं. आता तिच्या बोटांखाली जे चाललं होतं ते मास्तरांचं नव्हतं. तरी तिने हात सोडला नाही. उलट तिने डोळे किंचित बारीक केले. हट्टी माणसाकडून काही काढून घ्यायचं असलं की ती अशी बघते.

पन्नास. आईची हनुवटी झुकली, आणि त्याच क्षणाला रेघ उसळली.

मग दुसरा उसळा, मग तिसरा, वेडावाकडा, घाईचा, मास्तरांचा. त्यांनी तोंडाने हवा ओढली, तळातून वर आलेल्या माणसासारखी. मेट्रननी नळ्या परत कानात घातल्या.

"थांब," मी साठाव्या सेकंदाला म्हणाले. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

७

डॉक्टर आले, गेले. उद्या सकाळी पहिलाच नंबर लावून मास्तरांना पेसमेकर बसवायचं ठरलं. हृदय थबकलं की विजेचा धक्का देऊन पुढे ढकलणारं ते छोटं यंत्र. ब्रदर शस्त्रक्रियेच्या विभागाला कळवायला गेले. मास्तरांना ग्लानी होती. त्यांनी एकदाच विचारलं, "कुणी ओढलं मला?" आणि उत्तराची वाट न बघता झोपले.

मेट्रननी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. छाती त्रेसष्ट. मनगट अठ्ठ्याहत्तर.

"त्या बारा सेकंदांत मला शून्य," त्या म्हणाल्या.

"मला चार."

"सिस्टर, ते चार ठोके... यांचे होते?"

आईने पेनाचं टोपण लावलं. "मोजताना नाव नाही विचारत मॅडम."

मेट्रननी तक्ता ओढला, दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने लिहिले आणि खाली सही केली. आईच्या सहीच्या वर नाही, शेजारी. फायलींच्या खोलीची ऑर्डर त्यांच्या हातातल्या फोल्डरमध्ये होती. ती त्यांनी काढली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली.

"उद्या यांना आत नेईपर्यंत दर दहा मिनिटांनी नाडी घ्यायची आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझं मन धजत नाही."

"मी थांबते," आई म्हणाली. असं म्हणाली की जणू वॉर्ड तिचाच आहे. आणि तो आहेच. मला त्या क्षणी सगळ्या शाळेला तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

मेट्रन जाताना माझ्यापाशी थांबल्या. "तूही थांब," त्या म्हणाल्या. "घड्याळ बरं धरतेस."

पहिली दहा मिनिटं झाली. खिडकीतून तिरपं ऊन खाटेवर आलं होतं आणि त्या उजेडात मास्तरांचा सुजलेला हात मेणासारखा दिसत होता. सुजलेल्या हातावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. आईच्या बोटांचे तीन खळगे मनगटावर अजून होते, जवळजवळ भरत आलेले.

त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला, आणखी तीन होते.

त्यांच्यामधलं अंतर जास्त होतं. आईचा पंजा एवढा नाही, ब्रदरचाही नाही. मी उन्हाची सावली असेल म्हणून बाजूला सरकून पाहिलं. ते तिथेच होते आणि भरत नव्हते. मी बघत असतानाच मधला जरासा खोल झाला.

मी आईकडे पाहिलं. तीही तिकडेच बघत होती.

"भीती वाटते?" तिने हळूच विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली.

"मलाही. पण उद्या सकाळपर्यंत हा हात सुटता कामा नये." मग तिने आवाज नेहमीसारखा केला, कामाचा. "लाव घड्याळ."

तिने तीन बोटं मनगटावर ठेवली. क्षणभर ती अडली, कशाला तरी लागल्यासारखी. मग बाकावर आधीच कुणी बसलेलं असावं आणि आपण उठून न जाता सरकून घ्यावं, तशी तिने बोटं जराशी तळव्याकडे सरकवली आणि घट्ट रोवली.

"सुरू," मी म्हणाले.